सबवूफरच्या ॲम्प्लिफायरची जुळवणी

गाडीतल्या सबवूफरकडे गाण्याचा अगदी तळाचा भाग सोपवलेला असतो. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झचे आवाज ऐकू येतात. त्यांतला २० ते ८० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा म्हणजे ढोलाच्या थापेमागचा घुमारा किंवा बेस गिटारची सर्वांत जाड तार, जिचा स्वर ४१ हर्ट्‌झचा असतो. दारात बसवलेल्या साडेसहा इंची स्पीकरला हा पट्टा पेलत नाही, कारण त्याच्या लहान कागदाला पुरेशी हवा ढकलता येत नाही. म्हणून डिकीत दहा किंवा बारा इंची सबवूफर येतो आणि तो चालवायला स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. या ॲम्प्लिफायरच्या एका कडेला गेन, लो-पास, सबसॉनिक, बेस बूस्ट आणि फेज अशी बारीक बटणे असतात. बरीचशी पेचकसानेच फिरवावी लागतात. एकदा नीट लावली की त्यांना पुन्हा हात लावायची गरज पडू नये, अशीच त्यांची रचना आहे.

बटणांकडे वळण्याआधी जोडणी तपासणे भाग आहे, कारण तिथली चूक कोणतेही बटण फिरवून निघत नाही. पहिली गोष्ट ओहमची. दुहेरी व्हॉइस कॉइलच्या सबवूफरमध्ये चार-चार ओहमच्या दोन कॉइल असतील, तर त्या समांतर जोडल्यास २ ओहम आणि एकसर जोडल्यास ८ ओहम रोध होतो. ॲम्प्लिफायर किमान २ ओहमसाठी बनवलेला असताना त्याला १ ओहमचा भार दिला, तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. दुसरी गोष्ट विजेची. ५०० वॉट देणारा डी वर्गातला ॲम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण जोरात त्याला ६२५ वॉट लागतात. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला हा प्रवाह ४५ अँपिअरच्या घरात जातो. एवढ्या प्रवाहाला बारीक वायर पुरत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते. ती घ्यायचीच असेल तर शुद्ध तांब्याच्या वायरीपेक्षा जाड घ्यावी लागते. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा, कारण पुढे कुठे वायर खरचटून पत्र्याला टेकली, तर आग रोखणारी तेवढीच एक वस्तू असते. अर्थिंगची वायर आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. थापेबरोबर हेडलाइट मंदावत असतील, तर दोष बहुधा या वायरींमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो.

आता गेन. सर्वांत जास्त गैरसमज याच बटणाबद्दल आहे, आणि सर्वांत जास्त सबवूफर त्याच्यामुळेच जळतात. गेन वाढवला की आवाज वाढतो, त्यामुळे ते आवाजाचे बटण वाटते. प्रत्यक्षात ते स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर यांची गाठ घालून देणारे बटण आहे. स्टिरिओच्या मागच्या आरसीए जोडणीतून येणारा संदेश काही स्टिरिओंत जास्तीत जास्त २ व्होल्टचा असतो, काहींत ४ व्होल्टचा. किती व्होल्ट आले म्हणजे पूर्ण ताकद द्यायची, एवढेच गेन ॲम्प्लिफायरला सांगतो. बटणाच्या एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट असे आकडे छापलेले दिसतात ते याचसाठी. बटण ०.२ कडे पूर्ण फिरवल्याने ॲम्प्लिफायरची ताकद एका वॉटनेही वाढत नाही. फरक एवढाच, की स्टिरिओचा आवाज जेमतेम वर नेला तरी ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेला पोहोचतो. त्यापुढे वाढवलेला प्रत्येक टप्पा म्हणजे फाटलेला आवाज.

आवाज फाटतो म्हणजे काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. सुरेल आवाजाची लाट गोलसर चढते आणि उतरते. ॲम्प्लिफायरकडून मागितलेला व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेर गेला, की लाटेचे माथे कापले जाऊन सपाट होतात. अशा लाटेत सरासरी ऊर्जा जास्त असते. माथे पार चौकोनी झाले, तर तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट. ती सगळी व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता बनून उतरते. कॉइलच्या तारेवरचे वार्निश करपू लागते, गाडीत जळका वास येतो आणि पुढे कॉइल चिकटते किंवा तुटते. वाईट असे, की खालच्या पट्टीतला फाटलेला आवाज कानाला लवकर ओळखू येत नाही. दारातल्या स्पीकरचा आवाज फाटला की तो कर्कश होतो. सबवूफरचा फाटलेला आवाज अनेकांना ‘दणकेबाज’ वाटतो. म्हणूनच गेन कानाने न लावता मल्टिमीटरने लावणे श्रेयस्कर.

त्याची पद्धत सोपी आहे. सबवूफरची वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवावी. स्टिरिओतले बेस, ट्रेबल, लाउडनेस, इक्वलायझर सगळे शून्यावर आणि ॲम्प्लिफायरवरचा बेस बूस्टही शून्यावर ठेवावा. गेन ६ व्होल्टच्या टोकाला असावा. मग ५० हर्ट्‌झचा, शून्य डेसिबलवर ध्वनिमुद्रित केलेला सलग सूर पेन ड्राइव्हवरून लावावा आणि स्टिरिओचा आवाज पूर्णाच्या तीन-चतुर्थांशावर न्यावा. म्हणजे ४० टप्पे असतील तर ३० वर. बहुतेक स्टिरिओंचा स्वतःचा आवाज शेवटच्या काही टप्प्यांत फाटतो, म्हणून ही मर्यादा. पुढचा भाग गणिताचा. ॲम्प्लिफायर आणि सबवूफर यांपैकी ज्याची आरएमएस वॉटची क्षमता कमी ती घ्यायची, तिला ओहमने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. ४ ओहमला ३०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर आणि २५० वॉटचा सबवूफर असेल, तर २५० गुणिले ४ म्हणजे १,०००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३१.६. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून ॲम्प्लिफायरच्या सबवूफरच्या टर्मिनलांवर धरायचा आणि आकडा ३१.६ होईपर्यंत गेन सावकाश वाढवायचा. तिथेच थांबायचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॉट या हिशेबात धरू नयेत. आरएमएसचा आकडाच खरा. मल्टिमीटर फक्त व्होल्टेज दाखवतो, लाटेचा आकार नाही. आकार पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, आणि ज्या दुकानात तो वापरतात त्या दुकानात चार पैसे जास्त मोजणे योग्यच. तो नसेल तर मल्टिमीटरच्या आकड्याच्या थोडे खालीच राहावे.

कंपनीच्या स्टिरिओला अनेकदा आरसीए जोडणी नसते. तेव्हा स्पीकरच्या वायरींतूनच संदेश घ्यावा लागतो. त्यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये हाय-लेव्हल इनपुट असते, किंवा वेगळा कन्व्हर्टर लावतात. असे काही स्टिरिओ आवाज वाढत जाईल तसा बेस आपणहून कमी करतात, कारण त्यांना दारातले छोटे स्पीकर वाचवायचे असतात. मग गेन कितीही अचूक असला तरी मोठ्या आवाजात सबवूफर मलूल वाटतो. तो दोष ॲम्प्लिफायरचा नसतो.

लो-पास फिल्टर ठराविक कंपनसंख्येच्या वरचे आवाज सबवूफरकडे जाऊ देत नाही. ८० हर्ट्‌झ ही सुरुवातीची चांगली जागा. फिल्टरचा उतार सप्तकामागे २४ डेसिबल असेल, तर १६० हर्ट्‌झचा आवाज २४ डेसिबलने खाली जातो. सीमा १२० किंवा १५० वर नेली, तर पुरुषी आवाजाचा खर्ज डिकीतून येऊ लागतो आणि गायक पाठीमागे बसल्यासारखा वाटतो. खोल बेस कुठून येतो हे कानाला कळत नाही, कारण ४० हर्ट्‌झच्या एका लाटेची लांबीच साडेआठ मीटर, म्हणजे मोटारीहून मोठी असते. दारातल्या स्पीकरना त्याच ८० हर्ट्‌झवर हाय-पास लावला की त्यांच्यावरचा भार हलका होतो आणि तेही स्वच्छ वाजतात. स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर दोन्हींत लो-पास असेल, तर एकच वापरावा.

सबसॉनिक फिल्टर याच्या उलट टोकाला काम करतो. तो अतिखोल आवाज अडवतो. पोर्ट असलेल्या पेटीला तो अत्यावश्यक आहे. अशी पेटी समजा ३५ हर्ट्‌झला जुळवलेली असेल, तर त्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कागद बेफाम हेलकावे खातो. तिथे फिल्टर २८ हर्ट्‌झच्या आसपास ठेवावा. बंद पेटीत हवा स्प्रिंगसारखी कागदाला आवरून धरते, त्यामुळे तिथे काळजी कमी.

बेस बूस्ट शून्यावरच राहू द्यावा. तो बहुधा ४५ हर्ट्‌झच्या भोवतालचा भाग उचलतो, पण ६ डेसिबल उचलायला चौपट आणि १२ डेसिबलला जवळजवळ सोळापट वीज लागते. मल्टिमीटरने जपून लावलेला गेन या एका बटणाने फुकट जातो.

फेजचे बटण शून्य किंवा १८० अंशांचे असते. सबवूफर आणि दारातले स्पीकर एकाच वेळी हवा पुढे ढकलत असतील, तर आवाजांची बेरीज होते. उलटसुलट चालले तर वजाबाकी. बेस ठळक असलेले गाणे लावून ड्रायव्हरच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कुणाला बटण बदलायला सांगावे. ज्या स्थितीत बेस भरदार लागेल ती ठेवावी. डग्ग्याची घसीट ऐकणे ही उत्तम परीक्षा आहे: तळहाताच्या दाबाने चढत जाणारा तो सूर वेगळा कळला पाहिजे. सगळ्या थापा एकाच जाड आवाजात मिसळत असतील, तर लो-पासची सीमा खाली आणावी.

हे सगळे उभ्या गाडीत झालेले असते. रस्त्यावर टायर आणि इंजिनाचा घरघराट नेमका खालच्या पट्टीतच भरतो, त्यामुळे तोच बेस धावत्या गाडीत उणा वाटतो. शिवाय हळू आवाजात कान खालच्या सुरांना मुळातच कमी दाद देतो. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. त्यासाठी ॲम्प्लिफायरसोबत डॅशबोर्डजवळ लावायचे रिमोट बटण मिळते. ते वापरायचे असेल, तर मल्टिमीटरने गेन लावताना ते पूर्ण वर ठेवावे. मग चालत्या गाडीत ते कसेही फिरवले तरी मोजून ठरवलेली मर्यादा त्याच्याकडून ओलांडली जात नाही.