क्वांटच्या मुलाखतीची तयारी: पावकीपासून फाशापर्यंत

सोलापूर-धुळे महामार्गावरचे येरमाळा येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेसाठी ओळखले जाते. इथल्या एखाद्या मुलीने इंजिनिअरिंग करून मुंबईच्या ट्रेडिंग कंपनीत क्वांट व्हायचे ठरवले, तर तिची पहिली परीक्षा तोंडी हिशेब आणि संभाव्यतेची असते. क्वांट म्हणजे शेअर, रोखे, ऑप्शन यांचे भाव आणि जोखीम गणिताने मोजणारा माणूस. या मुलाखतीचा पाया दहावीच्या गणितातच घातलेला असतो. त्यावर रोजचा सराव चढवावा लागतो.

तोंडी हिशेब. काही कंपन्यांच्या चाचणीत ८ मिनिटांत ८० उदाहरणे असतात, म्हणजे एकाला ६ सेकंद. कॅल्क्युलेटर चालत नाही. जुन्या शाळांत पाठ करून घेतलेले अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, इथे थेट उपयोगी पडतात. पावणेएकोणीस क्विंटल सोयाबीन, भाव ४,४०० रुपये. एकोणीस क्विंटलचे ८३,६००, त्यातून पाव क्विंटलचे १,१०० वजा केले की ८२,५००. साडेसदतीस टक्के म्हणजे ३/८, हे डोक्यात असले की ६४० चे साडेसदतीस टक्के लगेच निघतात: ८० त्रिक २४०. ४७ × ५३ मध्ये दोन्ही संख्या ५० पासून ३ ने दूर आहेत, म्हणून २,५०० मधून ९ वजा, २,४९१. आधी उत्तर अचूक येऊ द्या, मग घड्याळ लावा.

अपेक्षित मूल्य. फासा टाका, जितके पडेल तितके रुपये मिळतील. या खेळाची किंमत किती? १ ते ६ ची सरासरी, साडेतीन रुपये. आता आवडले नाही तर एकदा पुन्हा टाकायची मुभा आहे. दुसऱ्या फेकीची किंमत साडेतीन, म्हणून ४, ५, ६ पडले तर थांबावे. त्यांची सरासरी ५. निम्म्या वेळा ५, निम्म्या वेळा साडेतीन, म्हणजे सव्वाचार रुपये. तीन फेकी असतील तर पहिल्यांदा ४ वरही थांबू नये, कारण पुढच्या दोन फेकींची किंमत सव्वाचार आहे. शेवटापासून मागे येण्याची हीच रीत ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काचा, भाव काढताना वापरतात: आत्ता वापरावा की हातात ठेवावा, याची प्रत्येक टप्प्यावर तुलना.

सशर्त संभाव्यता. सूत्रात अडकलात तर माणसे किंवा वस्तू मोजा. बियाण्याच्या १०० पिशव्यांपैकी १० खराब आहेत असे धरा. चाचणी खराब पिशव्यांपैकी ९० टक्के पकडते, पण चांगल्यांपैकी २० टक्क्यांनाही खराब ठरवते. एक पिशवी नापास झाली, ती खरोखर खराब असण्याची शक्यता किती? खराबमधल्या ९ नापास, चांगल्या ९० मधल्या १८ नापास. एकूण २७ पैकी ९, म्हणजे एक तृतीयांश. बहुतेकांचा पहिला अंदाज याहून फार मोठा असतो.

दुहेरी भाव. मुलाखत घेणारा म्हणतो, तीन फाशांच्या बेरजेवर भाव सांगा. सरासरी साडेदहा, म्हणून तुम्ही १० ला घेतो, ११ ला देतो असे म्हणता. त्याने लगेच ११ ला घेतले तर त्याला काही जास्त ठाऊक असू शकते. पुढचा भाव वर सरकवा आणि का सरकवला तेही सांगा.

कारण या सगळ्यात कंपनी तुमचा विचार ऐकत असते. कोडे सुटले नाही तरी आधी लहान रूप सोडवून पाहणारा उमेदवार लक्षात राहतो. म्हणून फ्रेडरिक मोस्टेलर यांच्या १९६५ च्या पुस्तकातली संभाव्यतेची पन्नास कोडी घ्या आणि प्रत्येक कोडे कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगा. आधी मराठीत सांगा, पटले की तेच इंग्रजीत. जिथे बोलताना अडखळाल, तिथली पायरी अजून कच्ची आहे. दुसऱ्या दिवशीचा सराव तिथूनच सुरू करा.