गुदाशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेआधी किरणोपचार कशासाठी?

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाताना, गुदाशयाचा कर्करोग झालेल्यांच्या घरी एक प्रश्न हमखास कानी पडतो. "फादर, गाठ सापडली आहे, तर डॉक्टर ती लगेच कापून का काढत नाहीत? आधी पाच-सहा आठवडे रेडिएशन कशाला? आता उपयोग नाही, असे तर त्यांना सुचवायचे नाही ना?" या शंकेपोटी उपचार लांबतात, अर्ध्यावर सुटतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग. तो ओटीपोटातील हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. समोर मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय. येथे शल्यविशारदाला सभोवार ऐसपैस कापायला जागाच नसते. त्यामुळे गाठ काढल्यावरही उरल्यासुरल्या पेशींतून रोग त्याच ठिकाणी पुन्हा उद्भवण्याचे भय असते. इंग्लंडचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन अखंड काढण्याची पद्धत १९८०च्या दशकात पुढे आणली आणि हे भय बरेच ओसरले. किरणोपचारांनी ते आणखी कमी केले.

मग किरणोपचार आधी की नंतर? जर्मनीत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार व केमोथेरपी घेतलेल्यांपैकी १३ टक्के रुग्णांत पाच वर्षांत रोग त्याच जागी परतला. आधी घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. दुष्परिणामही कमी आढळले. (आयुर्मान मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, हेही सांगितले पाहिजे.) कारण समजण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत असतो आणि प्राणवायू मिळणाऱ्या पेशींवर किरणांचा मारा अधिक परिणामकारक ठरतो. गुदाशय काढल्यावर रिकाम्या जागेत लहान आतडे उतरते व किरणांच्या तडाख्यात सापडते. शिवाय गाठ आकसल्याने शस्त्रक्रिया सुकर होते.

सर्वांनाच हे लागते असे नाही. एमआरआयमध्ये गाठ अगदी प्राथमिक अवस्थेत दिसल्यास थेट शस्त्रक्रिया होते. अन्यथा सुमारे साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण देतात. सोबत बहुधा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात. त्या पेशींना किरणांपुढे दुबळे करतात. दुसऱ्या पद्धतीत मोठ्या मात्रेचे किरण पाचच दिवसांत आटोपतात. इतरत्र पसरलेल्या सूक्ष्म पेशींसाठी पूर्ण मात्रेची केमोथेरपी वेगळी. ती हल्ली अनेकदा शस्त्रक्रियेआधीच देतात. जुलाब, थकवा, तळहात-तळपाय सोलवटणे हे त्रास होतात. ते लपवू नयेत, डॉक्टरांना सांगावेत. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या तरुणांनी उपचारांपूर्वीच तो विषय काढावा. बाहेरून यंत्राने दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. आजोबांनी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे.

खरा धोका पुढे आहे. तीन-चार आठवड्यांत रक्त जाणे थांबते, भूक लागते आणि घरचे म्हणतात, "बरे झाले की! आता पोट कापून पिशवी कशाला लावायची?" काही थोड्या रुग्णांत गाठ खरोखर नाहीशी होते व डॉक्टर कडक देखरेखीखाली शस्त्रक्रिया टाळतात, ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी ही वाट दाखवली. परंतु तो निर्णय तपासण्यांवरून डॉक्टरांनी घ्यायचा, घरच्यांनी नव्हे. पिशवी अनेकांना काही महिन्यांपुरतीच लागते. गुदद्वाराचे स्नायू वाचवता न आल्यास ती कायमची असते. कायमची पिशवी असलेल्या व्यक्तीने मिस्सेला येण्यास, वाचन करण्यास काडीचीही हरकत नाही. मागच्या बाकावर लपून बसण्याचे तर मुळीच कारण नाही.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला आपल्याकडे अजूनही 'शेवटचा संस्कार' म्हणतात, म्हणून फादरांना बोलावणेही लांबते. वास्तविक गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो घेणे उचित, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते; आजार बळावल्यास तो पुन्हाही घेता येतो. तसेच ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना मुभा आहे. कॅपेसिटाबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. तेव्हा फादर येणार म्हणून न्याहारी व गोळी खोळंबून ठेवू नये.