काउंटरवरच्या मुलीला लाइन थांबवता येत नाही

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार गुरुवार. विजेचा भार वाटून जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार नेमून दिले गेले. त्यातून आलेला हा गुरुवार भोसरीपासून चाकणपर्यंत घराघरांत मुरला आहे. बाकीचं शहर रविवारी बाहेर पडतं, इथली कित्येक कुटुंबं गुरुवारी संध्याकाळी. कंपनीला सुट्टी, मुलांची शाळा सुटलेली. मग चिंचवड, पिंपरी किंवा वाकडच्या एखाद्या मॉलमध्ये बर्गर-पिझ्झा. कंत्राटी कामगाराच्या घरात हे महिन्यातून एखाद्या वेळी जमतं, पगार झाल्यावर. चौघांचं बिल त्याच्या एका दिवसाच्या मजुरीच्या पुढे सहज जातं.

त्या बिलाच्या बदल्यात त्याला काय मिळतं, हे या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा. ऑर्डर द्यायला उभा केलेला स्क्रीन समजत नाही आणि समजावून सांगायला जवळ कुणी नसतं. नंबर ‘तयार’ दिसतो, पदार्थ मात्र दहा मिनिटं येत नाही. आला तर फ्राइज गार, एखादा बर्गर कमी. विचारलं की ‘सर, वेट कीजिए’. टेबल आधीच्या गिऱ्हाइकाच्या सॉसने चिकट झालेलं. बिलाआधी मोबाइल नंबर मागतात, आणि देत नाही म्हटलं की समोरचा चेहरा अडकतो. एका ठिकाणी मी सत्तरीच्या आजी-आजोबांना स्क्रीनसमोर बराच वेळ उभं राहून, काही न घेता परत जाताना पाहिलं. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

यावर पहिला राग निघतो तो काउंटरवरच्या मुलावर. ‘आजकालच्या पोरांना बोलायचं वळण नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मला वाटतं, ज्या गावात निम्म्या घरांना असेंब्ली लाइन म्हणजे काय हे ठाऊक आहे, तिथे तरी हा राग योग्य जागी पोहोचायला हवा. कारण फास्टफूडचं दुकान हे हॉटेल नाहीच. तो एक छोटा कारखाना आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून कारखाना म्हणूनच आखलेला आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांचं चांगलं चालणारं हॉटेल होतं. गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत थाळी नेऊन देणाऱ्या मुली, मोठा मेनू, काचेची-चिनीमातीची भांडी, असा सगळा थाट. १९४८ मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं. स्वयंपाकघर कसं असावं हे ठरवण्यासाठी त्यांनी टेनिस कोर्टावर खडूने त्याचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला. त्यावर आपल्या कामगारांना उभं केलं आणि बर्गर भाजण्यापासून बांधून देण्यापर्यंतच्या हालचाली करायला लावल्या. कोण कुणाला धडकतं, कुणाची चार पावलं वाया जातात, हे पाहून नकाशा पुसायचा आणि पुन्हा काढायचा. शॉप फ्लोअरवर ‘टाइम स्टडी’ अनुभवलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. मग पंचवीसेक पदार्थांच्या जागी नऊ उरले. भांडी गेली, कागद आला. थाळी नेणाऱ्या मुलींचं काम संपलं. एकाने फक्त भाजायचं, दुसऱ्याने फक्त पावात भरायचं, तिसऱ्याने फक्त फ्राइज. फोर्डने १९१३ मध्ये मोटारीसाठी जे केलं, तेच या भावांनी पंधरा सेंटच्या बर्गरसाठी केलं.

हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेविट यांनी १९७२ मध्ये याच मॅकडोनाल्ड्सचा दाखला देऊन एक प्रसिद्ध लेख लिहिला. सेवा चांगली हवी असेल तर ती माणसाच्या स्वभावावर सोडू नका, कारखान्यासारखी बांधा, असं त्यांचं म्हणणं. भारतात हे कारखाने १९९५-९६ मध्ये आले. केएफसी बंगळुरूत, डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड्स दिल्लीत, आणि मॅकडोनाल्ड्स त्याच वर्षी मुंबईतही. इथे येताना त्यांनी लाइनमध्ये एक मोठा बदल केला. मॅकडोनाल्ड्सने शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा, भांडी आणि माणसं वेगळी केली. शाकाहारी बाजूच्या कामगारांना हिरवे एप्रन दिले. चूक होऊच नये अशी मांडणीच करायची, या पद्धतीला चाकणच्या कंपन्यांत ‘पोका-योके’ म्हणतात.

मग बिघडतं कुठे? जिथे लाइनी एकत्र येतात तिथे. दोन्ही स्वयंपाकघरांतला माल शेवटी एकाच पॅकिंगच्या टेबलावर येतो आणि तिथे रंग संपतो. तिथे असतात सारख्या दिसणाऱ्या कागदात गुंडाळलेले पुडे, आणि ते पिशवीत भरणारा एकजण. कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला वेगळा माणूस असतो. इथे पॅकिंग करणारा तोच तपासतो, तोच नंबर पुकारतो, आणि अनेकदा तोच फडकं घेऊन टेबल पुसायला जातो.

त्यात गेल्या काही वर्षांत दुसरी रांग आली, जी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. स्विगी-झोमॅटोच्या ऑर्डरी त्याच स्वयंपाकघरात पडतात. तुमच्यापुढे दोनच माणसं दिसत असली तरी आत पडद्यावर वाकड, रहाटणी, थेरगावच्या ऑर्डरी वाट पाहत असतात. बाहेर डिलिव्हरीवाले मोबाइल पुढे करून उभे, त्यांचंही घड्याळ चालू. दुकानात बसलेला माणूस हलत नाही, ॲपवरचा माणूस लगेच तारे कापतो. मग आधी कुणाची पिशवी भरली जाणार, हे सांगायला नको. मूळ लाइन आखली गेली ती समोर उभ्या गिऱ्हाइकासाठी. तिच्यावर दुप्पट भार टाकला, पण माणसं आणि जागा तेवढ्या प्रमाणात वाढवली नाहीत, तर ती अडखळणारच. आणि गर्दीचा अंदाज शनिवार-रविवारवर बांधून गुरुवारी कमी माणसं लावली, तर इथल्या दुकानाचं काय होईल, हे भोसरीतला कोणताही सुपरवायझर न पाहता सांगेल.

‘तयार’ दिसणाऱ्या पण न आलेल्या ऑर्डरीमागेही असंच कारण असू शकतं. स्वयंपाकघरात प्रत्येक ऑर्डरीवर सेकंद मोजणारं घड्याळ असतं. सरासरी वेळ वाढली की मॅनेजरला वरून विचारणा. मग वेळ वाचवण्याचा सोपा मार्ग उरतो: पदार्थ हातात यायच्या आधीच बटण दाबून ऑर्डर पूर्ण दाखवायची. फास्टफूड कामगारांना ही युक्ती जगभर ठाऊक आहे. कागदावर उत्पादन पूर्ण आणि माल अजून लाइनवर, हा प्रकार आपल्याकडे मार्चअखेरीला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल. मुलगा खोटं बोलतो कारण घड्याळ फक्त खोटं बोलल्यावरच गप्प बसतं.

पण मला सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. जपानी पद्धतीच्या लाइनवर ‘अँडॉन’ असतो, म्हणजे दोरी किंवा बटण. समोर आलेल्या भागात दोष दिसला की साधा ऑपरेटरही तो ओढू शकतो. दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, गरज पडली तर अख्खी लाइन थांबते. दोष पुढे ढकलायचा नाही, हा त्यामागचा विचार. फास्टफूडवाल्यांनी कारखान्याकडून वेग घेतला, कामाची विभागणी घेतली, सेकंद घेतले. ही दोरी घेतली नाही. तुमच्या पिशवीत बर्गर कमी आहे हे काउंटरवरच्या मुलीला दिसतं, पटतंही. पण पैसे परत करायला किंवा नवा पदार्थ द्यायला बऱ्याच ठिकाणी मॅनेजरचा पासवर्ड लागतो, आणि मॅनेजर त्या वेळी फ्रायरवर उभा असतो. मग ती ‘वेट कीजिए’ म्हणते, कारण तेवढंच म्हणण्याचा तिला अधिकार आहे. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. रिट्झ-कार्लटन या महागड्या हॉटेलांच्या साखळीत साध्या कर्मचाऱ्यालाही एका पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वर न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. आपल्या काउंटरवरच्या मुलीला शंभर रुपयांच्या बर्गरचीही नाही. या दोघांच्या स्वभावात एवढा फरक असतो, असं मी मानत नाही.

ती मुलगी कोण असते तेही पाहायला हवं. बहुतेक वेळा विशीच्या आतबाहेरची, लातूर-नांदेड-बुलढाण्याकडून आलेली, किंवा ओडिशा-बिहारमधून; काळेवाडी-चिखलीत चौघींत एक खोली, सकाळी कॉलेज, दुपारपासून उभी. तिचा भाऊ कदाचित म्हाळुंग्याच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी असेल. म्हणजे काउंटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं घर एकाच प्रकारचं आहे. सलग काही तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलेलं आहे. गर्दीच्या संध्याकाळी तो अर्धा तास कुठे जातो, याची चौकशी कामगार खात्याने करायला हवी. काही महिन्यांत ती ही नोकरी सोडते. तिच्या जागी येणारीला स्क्रीन शिकवला जातो, गिऱ्हाईक शिकवायला वेळ कुणाकडे नसतो.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण तरी कसे वागतो? लाइनवर स्वतःला कुणी ‘ए’ म्हणून हाक मारलेली न खपणारा माणूस इथे चुटकी वाजवून बोलावतो. हे थांबायला हवं. पण एवढं सांगून साखळीच्या मालकांची सुटका होत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. सॅन बर्नार्डिनोत बर्गरची लाइन सुरू झाली त्याच १९४८ सालच्या आपल्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कँटीनची सोय करायला लावली. त्या कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद होती. डाळ पातळ झाली तर बोलायचं कुणाशी, हे आकुर्डी-पिंपरीच्या कामगाराला ठाऊक असे. कँटीनच्या जेवणावरून झालेली भांडणं इथल्या युनियनच्या आठवणींत भरपूर आहेत. खाणाऱ्याला व्यवस्थेत जागा असू शकते, हे या पट्ट्याने अनुभवलेलं आहे. तोच माणूस गुरुवारी मॉलमध्ये गेला की त्याच्या हातात फक्त पावती उरते.

ती पावती मात्र जपून ठेवावी. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असणं बंधनकारक आहे. पदार्थ खराब निघाला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तो उपयोगी पडतो. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह विक्रेत्यांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये बजावलं आहे. तेव्हा नंबर नाकारताना ओशाळं होण्याचं कारण नाही.

पैसे घेऊन पदार्थ दिला नाही, चुकीचा दिला, जास्त आकारले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून दाद मागता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, जिथे मराठीतही बोलता येतं. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाता येतं. नुसत्या तुसड्या बोलण्यावर खटला उभा राहणं कठीण, हेही सांगून ठेवतो.

बर्गरसाठी कोण जातं आयोगात, असा प्रश्न येतो. पुण्यात २०१८ मध्ये एका ग्राहकाने झोमॅटोवरून पनीर मागवलं आणि दोनदा चिकन आलं. तो पुण्याच्या ग्राहक मंचात गेला. झोमॅटोचं म्हणणं होतं की पैसे परत केले, विषय संपला. शिवाय चूक रेस्टॉरंटची. मंचाने ते मानलं नाही आणि २०१९ मध्ये झोमॅटो व रेस्टॉरंट दोघांनाही मिळून पंचावन्न हजार रुपये द्यायला सांगितलं. ग्राहक चळवळ आपल्याकडे नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच, १९७४ मध्ये. तिचं काम सोसायट्यांत आणि कंपन्यांच्या वसाहतींत पुन्हा वाढायला हवं, कारण महिन्याला एकदा बाहेर खाणारं कुटुंब एकटं आयोगापर्यंत पोहोचत नाही.

तक्रार लिहायची वेळ आली तर माझी एक विनंती आहे. काउंटरवरच्या मुलाचं किंवा मुलीचं नाव लिहून थांबू नका. त्यांना काढून टाकणं साखळीला सगळ्यात स्वस्त पडतं आणि पुढच्या गुरुवारी तिथे दुसरं कुणी ‘वेट कीजिए’ म्हणत असतं. ऑर्डर क्रमांक लिहा, पैसे भरल्याची वेळ आणि पदार्थ हातात आल्याची वेळ लिहा. त्या शिफ्टला किती माणसं कामावर होती, डिलिव्हरीच्या ऑर्डरींसाठी वेगळा माणूस होता का, आणि चुकलेला पदार्थ जागच्या जागी बदलून देण्याचा अधिकार काउंटरवर कुणाला होता, हे तीन प्रश्न कंपनीला लेखी विचारा.