वेचणीच्या दिवसांतलं नाटक

अमरावती-अकोल्याकडं बायकांनी उभी केलेली एखादी छोटी नाटक मंडळी असेल तर तिच्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. वऱ्हाडात नाटकवेडाला तोटा नाही. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’ 1927 साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यानं ते गाजलं, हे इथले जुने लोक अजून अभिमानानं सांगतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं केंद्रही अमरावतीला असतं. पण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत जसा नाटकांचा बाजार भरतो, तिथल्या वडसा गावात मंडळ्यांच्या तारखा विकल्या जातात, तसं काही वऱ्हाडात नाही. इथलं नाटक नोकरी सांभाळून, बहुतेकदा स्पर्धेपुरतं. त्यात बायका असतात. पण त्यांच्या नावानं ओळखला जाणारा, गावोगाव फिरणारा संच विचारला, की माणसं जरा विचारात पडतात आणि मग एकच नाव घेतात: ‘तेरवं’.

लेखक श्याम पेठकर, दिग्दर्शक हरीश इथापे, निर्मिती वर्ध्याच्या ‘अध्ययन भारती’ची. म्हणजे संपादकांच्या अटीत हा दीर्घांक पुरता बसत नाही. लिहिणारा पुरुष, बसवणाराही पुरुष. तरीही मी तोच धरला, कारण रंगमंचावर ज्या उभ्या राहतात त्या नट्या नाहीत. ज्यांच्या नवऱ्यानं, ज्यांच्या बापानं कर्जापायी जीव दिला, अशा यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या बायका आणि मुली त्यात काम करतात. नाटकाचं नाव माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी होणाऱ्या विधीचं. सोयरे जेवून उठतात, मंडपाचं कापड उतरतं, आणि त्यानंतर घरात जी उरते तिचं पुढं काय होतं, ते या नाटकात आहे.

पुढं काय होतं, ते सरकारदरबारी फार नेमकं लिहून ठेवलेलं आहे. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाखाची मदत ठरली. त्यातले 30 हजार हातात, उरलेले 70 हजार खात्यात. पण त्याआधी मयताला ‘पात्र’ ठरावं लागतं. सातबारा कुणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं की बिगरपरवाना सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं कागदावर सिद्ध झालं पाहिजे. न झालं तर ‘अपात्र’. नवरा गेला ते गेला, वर तो नापासही झाला. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात 2001 पासूनच्या याद्या आहेत आणि प्रत्येक यादीला हे दोन रकाने आहेत. महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या 11 जिल्ह्यांत अशा 505 बायकांना गाठलं, तेव्हा त्यांतल्या 40 टक्क्यांच्या नावावर नवरा कसत होता ती जमीन आलेलीच नव्हती. तलाठ्याकडं फेरफारासाठी खेटे घालणाऱ्या बाईला नाटकातलं ‘पात्र’ होणं काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या संचातलं मला खिळवून ठेवणारं कोडं वेगळंच होतं. आपलंच दुःख रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी उभं राहून बोलायचं कसं? कसलेला नट रडण्याची नक्कल करतो आणि विंगेत येऊन चहा पितो. या बायकांना उलटं शिकावं लागतं. खरं रडू आलं, गळा दाटला, की मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाही आणि समोरचीची एन्ट्री चुकते. म्हणजे रडू आवरणं हाच इथला अभिनय. भाषा मात्र कुणी शिकवावी लागत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘येऊन राह्यली’ हे त्यांच्या तोंडचंच. पुण्या-मुंबईच्या नाटकांत वऱ्हाडी बोली बहुधा विनोदी नोकराच्या वाट्याला येते. इथं ती कैफियत मांडते, आणि प्रेक्षकाला हसायची सवय असली तरी हसू येत नाही.

या संचातली एक बाई पुढं महाराष्ट्राला माहीत झाली. वैशाली येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरची. 2011 मध्ये नवऱ्यानं आत्महत्या केली, पदरात दोन लेकरं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम आणि जोडीला शिवणकाम. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागं घेतलं गेलं. निषेध झाले, साहित्यिकांनी पाठ फिरवली, आयोजकांची पंचाईत झाली. अशा वेळी नाव पुढं आलं ते ‘तेरवं’त काम करणाऱ्या या बाईचं. 11 जानेवारीला संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांच्या शेजारी तिशीच्या आतली वैशाली उभी राहिली. अडचणीत दिल्लीची बाई कामी येत नाही, गल्लीतलीच येते, अशा अर्थाचं ती बोलली आणि मंडप दणाणला. जिथं विधवेला हळदीकुंकवाच्या घरातही कोपऱ्यात बसवतात, तिथं साहित्याच्या सगळ्यात मोठ्या मांडवाचं उद्घाटन तिच्या हातून झालं.

सहगल यांच्यावर अन्याय झाला, आणि वैशालीला एका नामुष्कीवर पांघरूण म्हणून वापरलं गेलं, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. पण एवढ्या गर्दीपुढं ती डगमगली नाही, याचं श्रेय मी तालमींना देतो. माईकपुढं उभं राहायची, श्वास कुठं घ्यायचा याची सवय नाटकानं लावलेली होती. त्याच वर्षी प्रहार पक्षानं तिला यवतमाळ-वाशिममधून लोकसभेला उभं केलं. ती पडली. पण अंगणवाडीतली मदतनीस प्रचाराच्या गाडीवर उभी राहून बोलली, हे काही थोडं नाही.

आता अडचणी. पहिली शेतीची. वऱ्हाडात कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगंमागं सुरू होते आणि उलंगवाडीपर्यंत, म्हणजे पार माघ-फाल्गुनापर्यंत, चालते. मजुरी किलोवर. म्हणून बाई सकाळपासून वावरात असते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचून बोटं फाटतात. आणि नाटकांचा हंगाम नेमका हाच. सोयाबीनची सोंगणी संपली की महोत्सव, संमेलनं, स्पर्धा सुरू. पावसाळ्यात तालमी घ्याव्यात तर निंदणाचे दिवस. एका प्रयोगासाठी बाईला जायचा दिवस, यायचा दिवस आणि मधला दिवस असे तीन दिवस सोडावे लागले, तर तीन दिवसांची चूल कोण पेटवणार? त्यात सासरचे, दीर, भावकी. रात्री-बेरात्री गाडीतून उतरणाऱ्या एकट्या बाईबद्दल गावात काय बोललं जातं, ते सांगायला नको.

दुसरी अडचण मालकीची, आणि मला तीच जास्त खुपते. मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं 1983 मध्ये ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ उभं केलं. त्याचे 3 हजारांवर प्रयोग झाले. त्यातल्याही बऱ्याच जणी नोकरदार, हौशी. पण लेखिका त्यांची, संघटना त्यांची, कुठं जायचं ते ठरवणाऱ्या त्याच. म्हणून ते टिकलं. ‘तेरवं’च्या बायकांकडं अनुभव आहे आणि आवाज आहे. संहिता, तारीख आणि हिशेबाची वही मात्र दुसऱ्यांकडं. पेठकर-इथापे यांनी निष्ठेनं काम केलं, याबद्दल मला शंका नाही. 2024 मध्ये त्यांनीच याच विषयावर ‘तेरव’ हा चित्रपटही आणला. त्यात मुख्य भूमिका किरण खोजे या व्यावसायिक अभिनेत्रीनं केली. चित्रपटाचं गणित तसंच असतं, मान्य. पण गोष्ट ज्यांची, त्या हळूहळू गोष्टीच्या कडेला सरकतात, ती सुरुवात अशीच होते.

या बायकांतल्या एखादीनं पुढचं नाटक स्वतः सांगावं, दुसरीनं बसवावं आणि तारखांची वही तिसरीनं सांभाळावी, असं मला वाटतं. लिहिता येत नाही ही सबब नको. सांगणारीचं उतरवून घेणारे हात वऱ्हाडात पुष्कळ आहेत.

तोवर अमरावती-अकोल्याच्या संस्थांना एवढीच विनंती. 8 मार्चला शाल-श्रीफळासाठी अशा संचाला बोलावू नका. बोलवाल तेव्हा तिकीट लावा, गाडीभाडं आधी द्या आणि प्रत्येकीला बुडालेल्या दिवसांची मजुरी मानधनाखेरीज वेगळी द्या. आणि तारीख शक्यतो उलंगवाडीनंतरची धरा.