हसू कुठे फुटणार, हे वाजवणाऱ्याच्या हाती

१९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू-गाऊ लागला. त्याच वर्षी जपानमध्ये यासुजिरो ओझू यांनी एक फर्मास विनोदी चित्रपट काढला, तोही मूकपट! नावाचा अर्थ साधारण ‘जन्मलो खरे, पण...’. बोलपट आले तरी जपानी प्रेक्षक मूकपटांना इतके का धरून बसले? कारण त्यांचा मूकपट मुका नव्हताच. पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा निवेदक सगळ्या पात्रांचे आवाज काढी आणि वादक त्याला साथ देत. लोक बेन्शीचं नाव वाचून तिकीट काढत!

पुसदमध्ये कीर्तनाला बसलेल्यांना ही गंमत लगेच उमगेल. बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात. पेटी-तबला त्यांच्या तोंडाकडे बघत वाजतो. आपल्याकडच्या मूकपटांनाही पेटी-तबल्याचीच साथ असे. त्यात चित्रपट दाखवायचं यंत्र हाताने फिरवायचं, म्हणजे चित्राचा वेग दर खेळाला थोडा वेगळा. वादकाची नजर पडद्यावरून हलून चालत नसे. माणूस घसरून पडायच्या आधी तबल्याची थाप पडली, की हशा गेलाच!

ओझूंच्या चित्रपटात तर वादकाची खरी कसोटी आहे. त्यातल्या दोन लहान मुलांच्या वडिलांच्या साहेबांच्या घरी हौशी चित्रफीत दाखवतात. तीत वडील साहेबांना खूश करायला वेडीवाकडी तोंडं करतात. सगळे हसतात, दोघे मुलगेही हसतात. आणि हळूहळू त्यांचे चेहरे उतरतात. आपले बाबा कुणापुढे तरी लाचार आहेत! आता काय वाजवायचं? खेळकर चाल तशीच ठेवली तर मुलांचं दुःख झाकलं जातं, लगेच करुण सूर लावला तर ते आपलं आपल्याला कळण्याची संधी हुकते. चाल तीच ठेवून लय सैल करत न्यावी, हे मला सर्वांत सुंदर वाटतं.

असाच एक चेहरा आपल्याकडेही आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची चिमुरडी लेक मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. या चित्रपटाचा बराच भाग आजही टिकून आहे. तो पुसदमध्ये पडद्यावर लावावा, भजनी मंडळातल्या पेटी-तबलावाल्यांना पुढे बसवावं आणि एवढंच सांगावं: या पोरीच्या चेहऱ्याकडे बघत वाजवा.