भारहुतचे दाते आणि संग्रहालयातील पडदा

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात भारहुत स्तूपाची तांबूस वालुकाश्माची वेदिका उभी आहे. सतना जिल्ह्यातील या स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली आढळले. परिसरातील लोक घरे बांधण्यासाठी तेथील दगड नेत असल्यामुळे उरलेले अवशेष कोलकात्याला हलविण्यात आले. ‘इ. स. पूर्व दुसरे शतक’ एवढे सांगणारी पाटी वाचून सामान्य प्रेक्षक पुढे सरकतो. वस्तुतः भारहुतच्या शिल्पींनी प्रेक्षकासाठी पाट्या स्वतःच कोरून ठेवल्या आहेत. जेतवनाच्या दृश्यात बैल सोडलेली गाडी आहे, माणसे भूमीवर चौकोनी नाणी अंथरीत आहेत, आणि कोटी नाण्यांचा थर देऊन विकत घेतलेले जेतवन अनाथपिंडिक दान देत आहे, असे शेजारच्या ब्राह्मी लेखात स्पष्ट म्हटले आहे. मात्र ही पाटी आज आपल्याला वाचता येत नाही.

लेखांचा दुसरा वर्ग दानलेखांचा होय, आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. तोरण धनभूती या राजवंशीयाने उभारले; परंतु वेदिकेचे पुष्कळसे स्तंभ आणि सूची भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांच्या दानातून घडल्या. पहिला स्तंभ विदिशेच्या चापदेवेचा. एक स्तंभ नाशिकच्या गोरक्षितेचा, म्हणजे वासुकाच्या पत्नीचा. करहकट, म्हणजे आजचे कऱ्हाड, येथील निगमाचेही दान तेथे नोंदलेले आहे. हाइनरिश ल्यूडर्स यांनी संपादिलेले हे दोनशेहून अधिक लेख १९६३ साली ग्रंथरूपाने आले, तेव्हा त्यांच्या पुनर्संस्करणात एर्न्स्ट वाल्डश्मिट यांच्यासमवेत आपले मधुकर अनंत मेहेंदळे होते. पण तो ग्रंथ इंग्रजीत आहे आणि तज्ज्ञांपुरताच राहिला आहे. ‘शुंगकालीन कला’ या दोन शब्दांत गोरक्षिता लुप्त होते!

येथे परस्परसंवादी बहुमाध्यमांचा खरा उपयोग आहे. झिजलेले अक्षर समोरून पडणाऱ्या प्रकाशात दिसत नाही. प्रकाश तिरकस पडला की खाचेत सावली उतरते आणि अक्षर उमटते. हे तत्त्व वापरून २००१ साली टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याची दिशा बदलत अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि संगणकाने ती एकत्र करावयाची. मग प्रेक्षक पडद्यावर बोट फिरवील त्या दिशेने प्रकाश सरकतो. शाळकरी मुलालाही ‘दानं’ हा शब्द दगडातून वर येताना दिसेल. त्यास जोडून मूळ लेखाचे पालीशी निकट असलेल्या भाषेतील उच्चारण, मराठी-हिंदी-बांगला अर्थ, आणि दात्याचे गाव दाखविणारा नकाशा असावा. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, ये आणि पाहा. येथे ते अक्षरशः घडू शकते.

परंतु पडद्याचा मोह वेगळ्याच दिशेने नेतो. चलच्चित्रात चालता-बोलता बुद्ध दाखविण्याची हौस पुष्कळांना असते. भारहुतच्या शिल्पींनी भगवंतांची देहाकृती कोठेही कोरलेली नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पादचिन्हे व रिक्त आसन यांनीच त्यांची उपस्थिती सुचविली आहे. तेथे रंगीत आकृती आणून बसविणे म्हणजे त्या शिल्पींचे म्हणणे खोडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे असे की पडदा शिल्पाच्या शेजारी हवा, वेगळ्या दालनात नव्हे; अन्यथा लोक पडदाच पाहून परततात. अंध प्रेक्षकांसाठी हाताने चाचपता येईल अशी त्रिमितीय प्रतिकृतीही याच अंकीय नोंदींवरून तयार होऊ शकते.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने चीनमधील सहाव्या शतकातील ‘कॉस्मिक बुद्ध’ या मूर्तीची अशीच त्रिमितीय नोंद केली. मूर्तीच्या चीवरावरील अस्पष्ट कथादृश्ये तीमुळे वाचता येऊ लागली, आणि २०१६ साली त्यावर प्रदर्शनही भरले. ती नोंद संस्थेने सर्वांस खुली ठेवली आहे. भारहुतच्या प्रत्येक लेखाची अशी खुली नोंद झाली, तर कोलकात्याचा प्रवासखर्च न परवडणाऱ्या नाशिकच्या उपासिकेला आपल्या विहारातील धम्मवर्गातच गोरक्षितेचा लेख अक्षर लावून वाचता येईल.