विमानातली ड्युटी कोण लावतो?

भोर-वेल्हे भागातील मुलामुलींनाही आता विमानातील नोकरीची ओढ वाटू लागली आहे. पालक आम्हाला पगार विचारतात. ड्युटी कशी लागते, हे कोणी विचारत नाही. म्हणून ही माहिती.

एस.टी.च्या मुक्कामी गाडीवर ड्युटी लागली की चालक-वाहकाची रात्र परगावी जाते. विमानातही तसेच. एका विमानतळावरून निघून तिथेच परत आणणाऱ्या फेऱ्यांची साखळी कंपनी आधी तयार करते. ती एका दिवसाची असते, कधी तीन-चार दिवसांचीही. मग ती कोणी करायची, हे ठरवून महिन्याचे रोस्टर निघते.

अनेक परदेशी कंपन्यांत कर्मचारी आपली पसंती संगणकावर आधी नोंदवतात : अमुक तारखेला सुट्टी हवी, रात्रीचे उड्डाण नको. याला बिडिंग म्हणतात. नाव लिलावाचे असले तरी पैसे लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठांची पसंती आधी पाहतात, उरलेले नव्यांच्या वाट्याला. बुद्धपौर्णिमेची सुट्टी नव्या मुलीला मिळेलच असे नाही. काही कंपन्या मात्र मागच्या खेपेला डावललेल्यांना पुढे प्राधान्य देतात.

कारकुनी करताना आम्ही एक पाहिले आहे. नियम भिंतीवर लागला की साहेबांच्या मर्जीला जागा उरत नाही. पसंतीच्या पद्धतीचे मोल तेच.

पण पसंतीपेक्षा विश्रांती मोठी. कामगार खाते बाबासाहेबांकडे असताना, १९४६ च्या कायदा-दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली ती २०२५ मध्ये. रात्रीच्या उड्डाणांवरील कडक मर्यादा त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आल्या. इंडिगोने पुरेशी तयारी केली नव्हती. डिसेंबरात एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. प्रवासी अडकले आणि कंपनीला नियमातून तात्पुरती सवलत मिळाली. म्हणजे माणसे कमी ठेवली कंपनीने, आणि विश्रांती कापली गेली वैमानिकांची!

तेव्हा पालकांनो, मुलाखतीला जाणाऱ्या लेकीला चार प्रश्न लिहून द्या. रोस्टर किती दिवस आधी मिळते? पसंती नोंदवता येते का? नव्यांचा क्रम कसा लागतो? राखीव ड्युटीला किती वेळात हजर व्हायचे? लोहगाव भोरहून साठेक किलोमीटर आहे. राखीव ड्युटी गावाहून जमणार नाही. पुण्यातल्या खोलीचे भाडे पगारातून वजा करा, आणि मगच हिशेब मांडा.